बोरवंडीनं न दिलेलं मत

शेवटच्या फेरीचा आकडा पुकारला आणि औशाच्या मोजणी केंद्राबाहेर हलगी कडाडली. केवळाबाई सुरवसे जिल्हा परिषदेवर तिसऱ्यांदा निवडून आली. तिच्या मतदारगटात तिला केवळाबाई कुणी म्हणत नसे. लहानथोर सगळ्यांची ती आक्का. ती दारातून बाहेर येते न येते तोच तिच्यावर गुलालाची ओंजळ रिकामी झाली, गळ्यात झेंडूचा हार पडला. पक्षाचा तालुकाध्यक्ष राजशेखर आप्पा, औशातला आडत व्यापारी, एका कानात बोट घालून नांदेडच्या साहेबांना फोनवर सांगत होता की सीट आली, आता अध्यक्षपदाचं आपल्याकडेच बघा.

मुलगा सुदर्शन मात्र आतून सगळ्यात शेवटी आला. मोजणीच्या टेबलाशी तो आईचा प्रतिनिधी म्हणून सकाळपासून बसला होता. कुणी गुलाल लावायला आलं की तो तोंड फिरवत होता. त्यानं आईला हाताला धरून जीपमध्ये बसवलं आणि काच वर केली.

"आई, गावात आपण मागं हाव."

"कुठल्या गावात?"

"आपल्या. बोरवंडीत."

केवळाबाईला वाटलं, पोरगं दमलंय, भलतंच बोलतंय. पण यंत्रं गावागणिक मोजतात, कुठल्या गावानं काय दिलं हे लपत नाही. चिंचोली, हासेगाव, पलीकडचा तांडा, सगळ्यांनी तिला भरभरून दिलं होतं आणि त्याच जोरावर ती आली होती. बोरवंडीत विरोधातल्या धोंडप्पाला तिच्या तिप्पट मतं होती. तिनं त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, यंत्र बदललं असेल. सुदर्शन म्हणाला की गावात दोन केंद्रं, दोन्ही यंत्रांत तेच. तिचे हात मांडीवर होते तसेच राहिले. बाहेर लोक काचेवर थापा मारून तिला टपावर चढायला बोलावत होते, ती त्यांच्याकडे बघून हसतही होती, पण ऐकू मात्र काही येत नव्हतं.

बोरवंडीनं नाकारावं हे तिच्या डोक्यात शिरेना, कारण ती जी काही होती ती बोरवंडीमुळे होती.

चाकूर तालुक्यातून ती लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिला चारचौघांत बोलताही येत नव्हतं. नवरा सटवाजी घरचं रान कसणारा, मोजकं बोलणारा. दीपमाला ही पहिली मुलगी. त्र्याण्णव सालच्या गणपतीत केवळा माहेरी गेली होती. साडेतीन वर्षांची दीपमाला आजीला सोडेना, म्हणून दोन दिवसांसाठी तिला बोरवंडीतच आजीजवळ ठेवलं. त्याच दोन दिवसांत भूकंप झाला. किल्लारीच्या आसपासची गावं झोपेतच खाली बसली, त्यांत बोरवंडी होती. सटवाजी उडदाच्या राशीपाशी खळ्यावर झोपला होता म्हणून वाचला. मातीचं जड छत असलेल्या माळवदाच्या घरात सासू आणि लेक होत्या.

केवळा निघाली, पण रस्ते गाड्यांनी आणि माणसांनी तुंबले होते, पुढे मिलिटरीनं अडवलं होतं, वर पाऊस. ती पोचली तोवर तिसरा दिवस उजाडला होता. गावाबाहेर ताडपत्रीखाली सटवाजी तिला भेटला. तो एवढंच म्हणाला, "समदं उरकलं." तिनं पुढे काही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्या दोन शब्दांवर दोघांनी पुढचं आयुष्य काढलं.

पत्र्याच्या शेडमध्ये ती आठवडेच्या आठवडे गप्प होती. बाया म्हणायच्या, ही रडत नाही, हिला वेड लागणार. मग एकदा पाण्याचा टँकर आला आणि दांडग्या लोकांनी तो वळवून आपल्या शेडकडे न्यायला सुरुवात केली. केवळा उठली आणि टँकरच्या पुढच्या चाकापुढं जाऊन बसली. ड्रायव्हर ओरडला, मागून मोठी माणसं ओरडली. ती हलली नाही. तिच्या शेजारी येऊन बसली ती सिंधु, दोन शेड पलीकडची, जिचा नवरा आणि तान्हं पोर दोघंही गेली होती. सगळ्या गावाला पाणी मिळेपर्यंत त्या दोघी उठल्या नाहीत.

तिथून सगळं सुरू झालं. नवं गाव वसलं तेव्हा घर बाईच्याही नावावर लागलं पाहिजे म्हणून ती आणि सिंधु तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. पुढं ती ग्रामपंचायतीत गेली, सरपंच झाली, पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. नळयोजना आणली, मुलींची शाळा दहावीपर्यंत नेली, किल्लारीचा रस्ता डांबरी करून घेतला आणि एसटी गावात यायला लागली. कुणाचं बाळंतपण अडलं तरी लातूरच्या दवाखान्यात तिचाच फोन जाई. ती पहाटे निघायची आणि घरात शिरायची ती जेवायला, झोपायला. सुदर्शन वाढला तो सटवाजीच्या हाताखाली.

दर वर्षी तीस सप्टेंबरला बोरवंडीचे लोक ओढा ओलांडून जुन्या गावाच्या जागेवर जात. केवळाबाई त्या दिवशी सुदर्शनला घेऊन किल्लारीला सरकारी कार्यक्रमात असायची, मंत्र्यासंत्र्यांच्या शेजारी, श्रद्धांजली वाहत. जुन्या गावात तिनं भूकंपानंतर पाऊल टाकलं नव्हतं. कामाचं निमित्त तिला कधी कमी पडलं नाही.

जीप बोरवंडीच्या कमानीतून आत शिरली आणि टपावरच्या पोरांनी हलगीचा जोर वाढवला. ही पोरं शेजारच्या गावांची होती. पारावर एरवी दुपारची पाचपन्नास माणसं बसलेली असायची, आज तिथं एक म्हातारा आणि दोन शेळ्या. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. एका घराचं दार ती बघत असताना लागलं. आरतीचं ताट घेऊन एकही बाई बाहेर आली नाही. सिंधु आपल्या ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. केवळाबाई जीपमधून उतरून तिच्यापुढं उभी राहिली.

"सिंधु, ववाळायला येत न्हाईस?"

सिंधुनं मान वर केली नाही. "हात भरलेत, आक्का."

हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं वाजवायचं थांबवलं. त्या शांततेत केवळाबाई घरापर्यंत चालत गेली. आपण कुणाच्या तरी मयतीला आलोय असं तिला वाटत होतं, आणि मयत कुणाची ते कुणी सांगत नव्हतं.

तिनं कार्यकर्त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. घरात तिघंच उरली. सुदर्शनचा संताप आता बाहेर पडू लागला. धोंडप्पानं गाव फोडलं, आत शिरून एकेकाला गाठलं, मी एकेकाकडं बघतो, असं तो म्हणत होता. सटवाजी म्हशीपुढं कडबा टाकून आत आला, हात झटकले.

"धोंडप्पा गावात आलाच न्हाई," तो म्हणाला.

"मग कुणी फोडलं?" केवळाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाई फोडलं." तो खाली बसला. मग म्हणाला, "म्या बी तुला मत दिलं न्हाई."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं सुदर्शनकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं, म्हणजे ऐकलं ते खरंच होतं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. या माणसानं तिला कधी अडवलं नव्हतं, तिच्या मागं कधी मिरवलंही नव्हतं. तिच्या प्रत्येक निवडणुकीला तो पहिल्या तासात रांगेत जाऊन उभा राही. परवाही राहिला होता. बोटाची शाई अजून गेली नव्हती. सुदर्शन उठला, फटफटी काढली आणि निघून गेला.

केवळाबाई भिंतीला टेकली. "का वो?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"चल. जागा दावतो."

तसाच केसांत गुलाल घेऊन ती त्याच्या मागोमाग निघाली. दुपार कलली होती. हरभऱ्याच्या रानातून, मग ओढ्यातून ती दोघं पलीकडे गेली. जुन्या गावात बाभळीचं रान माजलं होतं. दगडांच्या ढिगाऱ्यांतून कुठं उंबरठा दिसे, कुठं मारुतीच्या देवळाचा चौथरा. गल्ली कुठली, घर कुठलं, तिला काही ओळखू येईना. सटवाजी थांबला नाही. पार पुढं, ओढ्याच्या वळणावर चिंचांची झाडं होती, तिथं तो उभा राहिला.

चिंचांखाली लहान लहान दगड रोवलेले होते. काहींना शेंदूर फासला होता. एकावर हिरव्या बांगड्या, एकापाशी प्लॅस्टिकची नवी मोटार. आणि त्या दगडांच्या मधून लाल फडकं बांधलेल्या खुंट्यांची रांग सरळ गेली होती. सोलर कंपनीच्या माणसांनी मोजणी करून ठोकलेल्या खुंट्या.

तो सोलरचा प्रकल्प केवळाबाईनंच आणला होता. जुनं गावठाण सरकारजमा होतं, वापराविना पडून होतं. कंपनी ते भाड्यानं घेणार, गावातल्या पोरांना काम मिळणार, रानाला दिवसा वीज मिळणार. तिनं ग्रामपंचायतीकडून ना हरकतीचा ठराव करून घेतला होता. ग्रामसभेत लोक गप्प बसले, तिनं तो होकार धरला. एकानं उठून, जागेचं जरा बघा आक्का, एवढं म्हटलं होतं. तिला वाटलं, त्याला मोबदला हवाय.

"मोठ्या मानसांना एकत्र अग्नी दिला," सटवाजी सांगू लागला. "लाकडं पुरना. दारं, चौकटी, सापडलं ते घातलं. लेकरांना हितं पुरलं. ज्यानं त्यानं आपापलं. ही आपली." त्यानं एका दगडाकडे हात केला. "पांघरायला काय सापडंना. तुजं एक लुगडं ढिगाऱ्यात गावलं, त्यात गुंडाळली."

लाल फडक्याची खुंटी त्या दगडापासून हातभरावर होती.

केवळाबाई खाली बसली. "मला सांगितलं का न्हाई कदी?"

"तू इचारलं न्हाईस. म्या लई वाट बघितली. आज इचारंल, उद्या इचारंल. मग वाटलं, तुला कुणीतरी सांगितलं आसंल. समद्या गावाला ठाव हाय." तो चिंचेकडे बघत बोलत होता. "तवर त्या सभेत तू माइकवर म्हणालीस, जुन्या गावात हाय काय, दगडं आन् बाभळी. तुला ठाव न्हाई का ठाव आसून म्हणालीस, ते कळंना. घरी इचारायचं धाडस झालं न्हाई. तू ठाव हाय म्हणाली आसतीस, तर मग म्या काय केलं आसतं?"

तिला ती सभा आठवली. प्रचाराची शेवटची सभा, आपल्याच पारासमोर. ते वाक्य बोलल्यावर टाळ्या येतील म्हणून ती थांबली होती, आणि टाळ्या आल्या नव्हत्या. सटवाजी मधल्या रांगेतून उठून गेलेला तिला दिसला होता. म्हशीची धार काढायची वेळ झाली असेल, असं तिला वाटलं होतं.

तिनं डोळे मिटून दीपमालेचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. तो येईना. झगा आठवला, पायातले वाळे आठवले, डोक्यावरची वाकडी शेंडी आठवली. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. गटातल्या हजारो माणसांना ती नावानिशी ओळखायची, आणि आपल्या लेकीचा चेहरा तिला येत नव्हता. दिवसभरात बसलेल्या सगळ्या धक्क्यांहून हा मोठा होता.

कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. पाण्याचा तांब्या घेऊन सिंधु मागून आली होती. ती शेजारी मातीत बसली, तशीच जशी टँकरच्या चाकापुढं बसली होती. ज्या दगडाला बांगड्या होत्या त्याच्या पलीकडचा दगड तिच्या तान्ह्याचा होता. तिनं केवळाबाईला आधी पाणी पाजलं.

"आक्का, तुला खरंच ठाव नव्हतं?"

केवळाबाईनं न्हाई म्हणून मान हलवली. आता धक्का सिंधुला बसला होता. तिला काय, साऱ्या गावाला वाटत होतं की आक्कानं आपल्या लेकीची जागा जाणूनबुजून कंपनीला दिली, खुर्चीसाठी दिली. जिची लेक तिथं आहे तिला दुसऱ्यानं काय सांगावं, म्हणून कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"आन् गावानं ठरवून केलं न्हाई ह्ये," सिंधु म्हणाली. "बैठक न्हाई, काय न्हाई. म्या गेले, दुसरं बटन दाबलं, भ्याले. वाटलं माजं एकलीचंच हाय, त्यानं काय हुतंय. समद्यांनी तसंच केलं. निकाल आला तवा गाव बी दचकलं. तुला तोंड कसं दावावं म्हणून दारं लावून बसले समदे."

अंधार पडायच्या आत तिघंही परत आली.

पुढच्या दिवसांत केवळाबाई सत्काराला कुठंच गेली नाही. राजशेखर दोनदा घरी येऊन गेला. या खेपेला अध्यक्षपद बाईसाठी राखीव आहे, नांदेडचे साहेब तुमचं नाव पुढं करायला तयार आहेत, आता फक्त शांत राहा, असं त्यानं समजावलं. ती म्हणाली, आधी सोलरची जागा बदला. राजशेखरला ती थट्टा वाटली. ज्या कामासाठी आक्कानं स्वतः मुंबईच्या फेऱ्या मारल्या तेच ती मोडायला निघाली होती, आणि प्रकल्प साहेबांच्या शब्दावर मंजूर झाला होता.

"आक्का, जिंकलेलं घालवू नका. आता उलटं फिरलात तर मला तिथं तोंड दाखवता येणार नाही," तो म्हणाला.

"माजी लेक हाय तिथं, आप्पा."

राजशेखर चहा न घेता गेला आणि नंतर त्यानं फोन केला नाही.

तिनं ग्रामसभा बोलवायला लावली. दर वेळी ती सरपंचाशेजारच्या खुर्चीवर बसायची, या वेळी बायांमध्ये खाली बसली. तिची पाळी आली तेव्हा ती उठली, पण माइक घेतला नाही. जुनं गाव पडीक आहे असं आपण म्हणालो, ते कुठल्या तोंडानं म्हणालो आपल्याला कळत नाही, दीपमाला कुठं आहे ते आपल्याला निकालाच्या दिवशी कळलं, असं ती सांगत गेली. मागच्या रांगेतल्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, काय म्हणाली, आणि शेजाऱ्यांनी सांगितलं तसा एकेक जण सुन्न होत गेला. इतकी वर्षं सगळ्यांच्या घरचं सगळं माहीत असलेल्या या बाईला एवढं एकच माहीत नव्हतं, आणि ते त्यांच्यापैकी कुणीही तिला सांगितलं नव्हतं. कुणी तिला दोष दिला नाही, कुणी समजूतही घातली नाही. ना हरकतीचा ठराव रद्द करायला मात्र सगळे हात वर गेले.

एवढ्यावर ते मिटलं नाही. जागा सरकारची, मंजुरी वरची. केवळाबाई लातूरला जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जात राहिली, कधी सिंधुला घेऊन, कधी गावातल्या दहापाच जणांना घेऊन. एके काळी तहसीलला जायची तशीच. शेवटी कंपनीनं ओढ्याकाठची चिंचांची पट्टी सोडली, तिला तारेचं कुंपण घालून दिलं. बाकीच्या जुन्या गावावरच्या बाभळी निघाल्या आणि सोलरच्या काचा बसल्या. सासूचा उंबरठा कुठं होता ते आता सटवाजीलाही सांगता येत नाही. गावात दोन मतं आहेत. काहींना वाटतं आक्कानं बरंच वाचवलं, काहींना वाटतं तिनं आणलंच नसतं तर वाचवायची वेळच आली नसती. दुसरं म्हणणाऱ्यांशी ती वाद घालत नाही.

अध्यक्षपद दुसरीकडे गेलं. तिला एका समितीवर घेतलं, जिच्या बैठकीला चहाशिवाय काही नसतं. पक्षाच्या फलकांवर तिचा फोटो आता कोपऱ्यात असतो, कधी नसतोही. लोक अर्ज घेऊन येतात ते मात्र कमी झाले नाहीत. बोरवंडीचेही येतात.

सुदर्शन बापाशी बरेच दिवस बोलत नव्हता. आईविरुद्ध बापानं मत द्यावं हे त्याच्यानं गिळवत नव्हतं. उन्हाळ्यात तो एकदा एकटाच ओढ्यापलीकडे जाऊन आला, बहिणीचा दगड कुठला ते त्यानं सिंधुला विचारून घेतलं होतं. आल्यावर बापाच्या ताटाशेजारी आपलं ताट मांडलं. बोलणं मग हळूहळू सुरू झालं, आधी म्हशीबद्दल, मग पेरणीबद्दल.

केवळाबाई आता दुपारची घरी असते. ओट्यावर बसून ती सटवाजीला दीपमालेचं विचारते. नाक कसं होतं, हसताना कुठल्या गालाला खळी पडायची, माझी आठवण काढायची का त्या दोन दिवसांत. तो आठवून आठवून सांगतो. फार लांबलं की ती त्याला हातानंच थांबवते. एका दमात तिला ते ऐकवत नाही. राहिलेलं ती दुसऱ्या दिवशी विचारते.